डॉ. पांडुरंग खानखोजे : लहरी हवेत बियाणे घडवणारे वर्धेचे क्रांतिकारक



माघ सरत आला की आपल्या बऱ्हाणपुरात हवेचा भरवसा राहत नाही. सकाळी अंगावर शाल, दुपारी पंखा आणि मध्येच एखाद्या संध्याकाळी अवकाळी पाऊस, नाहीतर गारा. राजपुऱ्यात ज्यांच्या घरी चार हात अंगण किंवा थोडे परस उरले आहे त्यांना या दिवसांत एकच प्रश्न पडतो. वाल, काकडी, भोपळा आता लावायचा की आणखी पंधरा दिवस थांबायचे? लवकर लावले तर थंडीने बी रुजत नाही, उशीर केला तर वैशाखाचे ऊन वेल जाळते. तापीकाठच्या केळीवाल्यांचा प्रश्न तर याहून मोठा. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते आणि वर्षभराचा हिशेब चुकतो.

हाच प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी कडक हवेत, परक्या मुलखात ज्या मराठी माणसाने आयुष्यभर सोडवला, त्यांची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव गदर पक्षाच्या इतिहासात येते. शाळेच्या पुस्तकात मात्र एखादी ओळ आली तर आली. शेती आणि बागकाम करणाऱ्यांना ते अजून नीट ठाऊक नाहीत.

वर्धा ते अमेरिका

पांडुरंगरावांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्ध्याचा. तेव्हा वर्धा मध्य प्रांतात होते आणि आपले बऱ्हाणपूरही त्याच मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात. दोघांचीही राजधानी नागपूर. म्हणजे जन्माने ते आपल्याच प्रांतातले. शिक्षण वर्ध्यात आणि नागपुरात झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेली ती पिढी. तरुण पांडुरंगाच्या मनाने घेतले की इंग्रजांना घालवायचे तर युद्धशास्त्र शिकले पाहिजे आणि ते इथे कोणी शिकवणार नाही. विशीतच त्यांनी घर सोडले. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले.

पैसा जवळ नव्हता. पडेल ते काम करायचे आणि शिकायचे, असा क्रम सुरू झाला. कॅलिफोर्नियात त्यांनी एका लष्करी विद्यालयात शिक्षण घेतले आणि दुसरीकडे शेतीशास्त्रही शिकले. बर्कलेचे विद्यापीठ, ओरेगॉन राज्यातले कॉर्व्हॅलिसचे कृषी महाविद्यालय आणि वॉशिंग्टन राज्यातले पुलमनचे महाविद्यालय, अशी त्यांची वाटचाल झाली. ऐकायला हे दोन विषय परस्परविरोधी वाटतात. पण त्या काळच्या क्रांतिकारकांच्या डोळ्यांसमोर दुष्काळ ताजा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. पांडुरंगराव तेव्हा बारा ते पंधरा वर्षांचे होते. उपाशी देश स्वतंत्र कसा होणार, हा प्रश्न त्या पिढीला पुस्तकात शोधावा लागला नाही.

पुलमनचा भाग गव्हासाठी प्रसिद्ध. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. गहू दोन प्रकारे पेरतात. एक शरद ऋतूत पेरून बर्फाखाली थंडी काढणारा आणि दुसरा बर्फ वितळल्यावर वसंतात पेरायचा. कोणता कुठे पेरायचा, हे शेतकऱ्याच्या जमिनीवर आणि त्या वर्षीच्या हवेवर ठरते. याच महाविद्यालयात काही वर्षे आधी स्पिलमन नावाच्या प्राध्यापकांनी या दोन प्रकारांचा संकर करून नवे वाण काढायला सुरुवात केली होती. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली जगापुढे पुन्हा आले होते आणि बियाणे घडवण्याचे शास्त्र नुकते आकार घेत होते. हे नवे शास्त्र खानखोज्यांनी असे त्याच्या उगमाजवळ शिकून घेतले.

गदर आणि भटकंती

त्याच वेळी ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्यांचा घरोबा झाला. सोहनसिंग भकना आणि पंडित काशीराम यांच्यासारख्यांबरोबर त्यांनी संघटना बांधली. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. पक्षाच्या संस्थापकांत खानखोजे होते. लढाऊ बाजूची तयारी त्यांच्याकडे होती.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि गदरचे शेकडो लोक भारताकडे निघाले. त्यांत तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत त्यांना फाशी झाली. खानखोजे दुसऱ्या वाटेने गेले. युरोप, तुर्कस्तान आणि इराण ओलांडून बलुचिस्तानच्या हद्दीपर्यंत ते पोहोचले. नाव बदलून, वेश बदलून, तिथल्या टोळ्यांबरोबर राहून इंग्रजांशी लढले. पकडले गेले, निसटले, जखमी झाले. युद्ध संपले तेव्हा हाती काही लागले नव्हते आणि मायदेशी परतणे म्हणजे फाशीच होती. पुढे ते बर्लिनला गेले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह जे भारतीय क्रांतिकारक मॉस्कोला गेले, त्यांतही ते होते. तिथूनही देशासाठी ठोस मदत मिळाली नाही.

वय चाळिशीला आलेले. घर नाही, पासपोर्ट नाही, देशात प्रवेश नाही. असा माणूस निराश होऊन कुठेतरी विरून गेला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. खानखोज्यांनी मात्र आपल्याजवळची दुसरी विद्या बाहेर काढली. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले.

चापिंगोची हवा

मेक्सिकोत नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी गावकऱ्यांना वाटण्याचे काम चालू होते. अमेरिकेत असताना जुळलेल्या मेक्सिकन मित्रांपैकी रामोन दे नेग्री तिथे शेतीमंत्री झाले होते. त्यांच्या ओळखीने राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोज्यांना अध्यापकाची जागा मिळाली.

इथे थोडे भूगोलाकडे पाहू. चापिंगो आपल्या बऱ्हाणपूरपेक्षाही दक्षिणेला आहे. नकाशावर पाहिले तर तिथे आपल्याहून जास्त उकाडा असायला हवा. पण आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच आणि चापिंगो सुमारे सव्वादोन हजार मीटर. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीमुळेच तेरा अंशांचा फरक पडतो. त्यात पठारावरची हवा कोरडी. आकाश निरभ्र असले की जमिनीतली ऊब रात्री सरळ वर निघून जाते, थंड हवा जड असल्याने खोऱ्याच्या तळाशी साचते आणि पहाटे दव गोठते. आपल्याकडे हिंदीत त्याला पाला पडणे म्हणतात. मक्याला ते अजिबात चालत नाही.

तिथे पाऊस साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. गोठणारी थंडी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत केव्हाही. शेतकऱ्याची कोंडी अशी की वसंतात जमिनीतल्या ओलीवर लवकर पेरले तर उशिरा आलेली थंडी कोवळी रोपे मारते. पावसाची वाट पाहून उशिरा पेरले तर कणसात दाणा भरण्याआधी शरदातली पहिली थंडी येते. मध्ये गारपीट आणि पावसाची ओढ वेगळीच. पेरणीची तारीख पुढे-मागे सरकवून ही कोंडी पुरती सुटत नाही. सुटण्याची वाट बियाण्यातून जाते. लवकर पक्व होणारे आणि थंडी व कोरड सोसणारे बी हाताशी असेल तरच शेतकरी हवेच्या कचाट्यातून सुटतो.

खानखोज्यांचे काम हेच होते. मका, गहू आणि कडधान्ये यांवर त्यांनी संशोधन केले. थंडी आणि अवर्षण सोसणारे वाण तयार करण्याकडे त्यांचे लक्ष होते. मक्याचा एक रानटी भाऊबंद आहे, तेओसिंते. त्याला बारीक आणि कठीण कवचाचे मोजके दाणे येतात. दिसायला गवतच. खानखोज्यांनी या रानटी झाडाशी मक्याचा संकर करून पाहिला. एका ताटाला जास्त कणसे देणारे प्रकार त्यांनी हाताळले. १९३० साली नव्या मका-वाणांवरची त्यांची पुस्तिका निघाली. मका मूळ तेओसिंतेपासूनच माणसाने घडवला की नाही, यावर तेव्हा शास्त्रज्ञांत वाद होता. आज जनुकशास्त्राने सिद्ध केले आहे की सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी हे गवत निवडत निवडत त्याचा मका केला. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड करणारे लोक शास्त्रज्ञ नव्हते. घरातल्या बायका आणि शेतातले पुरुष यांनीच ती केली.

शेतकऱ्यांच्या शाळा

ही गोष्ट खानखोज्यांच्या चांगली लक्षात आली होती, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. विद्यालयातले वाण विद्यालयात ठेवून उपयोग काय? १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सहकाऱ्यांसह शेतीच्या मोफत शाळा काढल्या. नाव 'मुक्त कृषी शाळा'. आजूबाजूच्या खेड्यांत, दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना तिथे शिकवले जाई. फी नाही, प्रवेशाची अट नाही. जमीन तयार करणे, बी निवडणे, रोग ओळखणे हा अभ्यासक्रम. शाळांचे संचालक खानखोजे होते. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचा या कामाला पाठिंबा होता. इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी या शाळांची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेरा यांनी रंगवलेल्या भित्तिचित्रांत एका मेजाभोवती बसलेल्या लोकांना भाकरी वाटणारी व्यक्ती आहे. ती व्यक्ती खानखोजे आहेत, असे मानले जाते.

आम्ही बँकेत असताना वर्षानुवर्षे पीककर्जाचे अर्ज हाताळले. अर्जात क्षेत्र किती, पाणी कोणते, पीक कोणते यांचे रकाने असत. बी कुठून आणले आणि ते इथल्या हवेत आधी टिकले आहे का, याला रकाना नसे. थंडीने किंवा गारांनी पीक गेले की सगळे हवेला दोष देत. हवा तर हाताबाहेरचीच. पण बी निवडणे हाती असते. खानखोज्यांचे चरित्र वाचताना आम्हाला हा न छापलेला रकाना वारंवार आठवला.

घर, संसार आणि परतण्याची वाट

१९३६ मध्ये बेल्जियन वंशाच्या जीन सिंडिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले, म्हणून आज आपल्याला इतके तपशील कळतात. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या त्या संसारात मुलींपैकी एकीचे नाव सावित्री ठेवणाऱ्या माणसाच्या मनात वर्धा किती असेल, हे सांगायला नको.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडले ते घडले होते. पण खानखोज्यांनी परत येण्याची परवानगी मागितली तेव्हा ती आधी नाकारली गेली. इंग्रजांनी केलेली बंदी घातलेल्यांची यादी स्वतंत्र भारताच्या कचेरीत तशीच पडून होती आणि त्यात त्यांचे नाव होते. इंग्रज गेले, कागद राहिला. पुढे ती बंदी उठली. १९४९ मध्ये आपल्याच प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीविषयक समितीच्या कामासाठी बोलावले. चाळीसहून अधिक वर्षांनी ते नागपूरला आले, काही महिने राहिले आणि परत गेले. १९५५ मध्ये ते कायमचे नागपूरला राहायला आले.

तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. म्हणजे आपली आणि त्यांची राजधानी पुन्हा एकच. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-वर्धा मुंबई राज्यात गेले आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. एका रात्रीत आपण आणि ते वेगवेगळ्या राज्यांचे रहिवासी झालो. कदाचित म्हणूनच त्यांच्या नावाची आठवण आपल्या बाजूला कमी राहिली असेल.

देशात परतले तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. मेक्सिकोत जेवढे काम शेतात उभे राहून करता आले, तेवढे इथे करता आले नाही. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून सुमारे अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ही त्या वाणांची नावे. हरितक्रांतीची ती सुरुवात. ते वाण घडवणारे नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोला गेले होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या चाचण्या चापिंगोतच झाल्या. खानखोज्यांनी त्याच विद्यालयात वीस वर्षे आधी काम सुरू केले होते. हे गहू त्यांच्याच वाणांतून आले, असा दावा आम्ही करत नाही. पण भारताने परदेशातून बी मागवले ते नेमके त्या देशातून, जिथे वर्ध्याचा एक माणूस बी घडवायला शिकवत होता. आणि तो माणूस तेव्हा नागपुरात होता. विचार करावा असा हा योग आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

आपल्या अंगणापुरते

पुतळे उभारणे सरकारचे काम. आपण काय करू शकतो? आपल्या अंगणाकडे जरा नीट पाहावे. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, मका, दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. त्यांतले बरेच मेक्सिकोच्या बाजूचे. शेकडो वर्षांत इथल्या हातांनी बी निवडून ते इथले केले.

या फाल्गुनात प्रत्येक घराने एका तरी भाजीचे बी स्वतः धरावे, अशी आमची विनंती आहे. खानखोज्यांच्या शास्त्राचा साधा नियम असा. बी ढिगातून निवडू नये, उभ्या झाडावरून निवडावे. ढिगात मोठे फळ दिसते. ते कसल्या झाडाचे आहे, हे दिसत नाही. वालाचा जो वेल पौषाच्या थंडीत पिवळा पडला नाही, मिरचीचे जे झाड शेजारच्या झाडांइतकेच खत-पाणी मिळूनही जास्त फळले, गारांनंतर जे आधी पालवले, त्याला आत्ताच दोरा बांधून खूण करावी. त्याची एक-दोन फळे न तोडता पूर्ण पिकू द्यावीत. बी सावलीत वाळवावे, राख लावून कोरड्या डब्यात ठेवावे आणि डब्यावर वर्ष लिहावे.

एक काळजी घ्यावी. वाल, वाटाणा, टोमॅटो यांचे बी बहुधा आईसारखेच निघते. भोपळा, काकडी, मका यांचे परागकण वाऱ्याने किंवा माश्यांनी शेजारून येतात, त्यामुळे त्यांचे बी बदलू शकते. संकरित बियाण्याच्या झाडाचे बी धरले तर पुढच्या वर्षी सारखे पीक येत नाही. म्हणून सुरुवात वालापासून करावी.

पुढच्या वर्षी थंडीचा कडाका पडेल तेव्हा रात्री वाफ्याला हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. बुंध्याशी पाला-पाचोळ्याचे आच्छादन करावे. केळीवाले रात्री पाणी आणि पहाटे धूर करतात, त्यामागचे कारणही हेच. ऊब निसटू द्यायची नाही.

डब्यांतले बी सभासदांनी आपसात वाटावे, अशी इच्छा आहे. ७ नोव्हेंबर हा खानखोज्यांचा जन्मदिवस रब्बीच्या पेरणीच्या हंगामात येतो. त्या सुमारास आपण जमलो आणि प्रत्येकाने कागदाच्या पुडीत मूठभर बी आणले, तर मोफत शेतीशाळा काढणाऱ्या या माणसाला ते नक्की आवडले असते. ज्यांना बी द्यायचे किंवा घ्यायचे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीला जरूर कळवावे.

सर्व सभासदांना व कुटुंबीयांना होळी, रंगपंचमी आणि येणाऱ्या गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा.